सतरावी ओळ म्हणजे नेमकी कोणती?

एखाद्या फाईलमधल्या ठरावीक ओळींपाशी नवा मजकूर घालायचा आहे. फाईल मोठी आहे, किंवा तशा फायली पुष्कळ आहेत, म्हणून हे काम हाताने न करता छोट्या स्क्रिप्टकडून करून घ्यायचे आहे. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न फार लवकर उभा राहतो. मार्गदर्शक पुस्तकांत त्याचे उत्तर बहुधा एका ओळीत मिळते. ‘सेड’ हे साधन घ्या, ओळीचा क्रमांक लिहा, त्यापुढे ‘घाल’ अशा अर्थाचे एक अक्षर लिहा आणि त्यापुढे मजकूर लिहा. झाले काम.

हे उत्तर चूक नाही. पण ते कोणत्या अटींवर बरोबर ठरते हे सांगितले जात नाही, ही आमची तक्रार आहे. अटी सुटल्या तर संगणक कुरकुर करत नाही. फाईल नीटनेटकी दिसते आणि मजकूर मात्र भलत्याच जागी बसलेला असतो. फाईल कवितेची असेल तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येईल. ती गुणांची यादी असेल, पर्जन्यमापकाच्या नोंदी असतील, तर कोणाच्याच लक्षात येणार नाही.

म्हणून या लेखात आम्ही ओळी घालणाऱ्या काही जुन्या आणि आजही वापरात असलेल्या साधनांची पारख करणार आहोत. त्यासाठी दोनच प्रश्न पुरेसे आहेत. ‘सतराव्या ओळीपाशी घाल’ असे सांगितल्यावर हे साधन सतरावी ओळ कोणती समजते? आणि तशी ओळ सापडली नाही तर ते काय करते?

सहा ओळींचा प्रयोग

प्रथम कागदावर करता येईल असा एक प्रयोग पाहू. एका फाईलमध्ये सहा ओळी आहेत: १ बुध, २ शुक्र, ३ पृथ्वी, ४ मंगळ, ५ गुरू, ६ शनी. आपल्याला दोन गोष्टी घालायच्या आहेत. तिसऱ्या ओळीनंतर ‘चंद्र’ आणि चौथ्या ओळीनंतर ‘लघुग्रहांचा पट्टा’.

पहिली आज्ञा पाळली. आता यादी अशी झाली: बुध, शुक्र, पृथ्वी, चंद्र, मंगळ, गुरू, शनी. आता दुसरी आज्ञा पाळा. चौथ्या ओळीनंतर घालायचे आहे, पण चौथी ओळ आता मंगळाची राहिलेली नाही; ती चंद्राची झाली आहे. त्यामुळे लघुग्रहांचा पट्टा चंद्र आणि मंगळ यांच्यामध्ये जाऊन बसतो. प्रत्यक्षात तो मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये आहे. दोन्ही आज्ञा बिनचूक होत्या, त्या बिनचूक पाळल्या गेल्या, आणि उत्तर मात्र चुकले.

आता त्याच आज्ञा उलट क्रमाने पाळून पाहा. आधी चौथ्या ओळीनंतर पट्टा घाला, मग तिसऱ्या ओळीनंतर चंद्र. यादी बरोबर येते. याचे कारण साधे आहे. ओळ घातली की तिच्या खालच्या सर्व ओळींचे क्रमांक बदलतात, वरच्यांचे बदलत नाहीत. खालून वर काम करत गेलो तर पुढच्या आज्ञेला लागणारे क्रमांक अजून जागेवरच असतात. यादीच्या अगदी शेवटी काही जोडायचे असेल तर कोणालाच धक्का लागत नाही. १७८१ साली युरेनस सापडला तेव्हा आधीच्या सहा ग्रहांचे क्रमांक बदलावे लागले नाहीत, ते याचमुळे.

या प्रयोगातून एक तत्त्व हाती लागते. ओळीचा क्रमांक हे त्या ओळीचे नाव नव्हे. ती ओळ या क्षणी कितव्या जागी आहे, एवढेच तो सांगतो. पुढची सगळी चर्चा या एका वाक्याभोवती आहे.

एड: तुसडा, पण प्रामाणिक

१९६९ साली केन टॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. त्याच वेळी त्यांनी ‘एड’ हा संपादक लिहिला. संपादक म्हणजे मजकुरात फेरफार करून देणारी आज्ञावली. तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्रावर काम चाले आणि मजकूर कागदावर उमटे. आज आपण माऊस फिरवून ‘इथे’ असे दाखवतो, तशी सोय नव्हती. जागा शब्दांत सांगावी लागे. त्यामुळे जागा सांगण्याची भाषा त्या काळी फार काळजीपूर्वक घडवली गेली.

एडमध्ये ओळ सांगण्याचे अनेक मार्ग आहेत. क्रमांक हा त्यांतला एक. शेवटच्या ओळीसाठी डॉलरचे चिन्ह आहे. दोन तिरप्या रेघांमध्ये एखादा नमुना लिहिला तर ‘ज्या ओळीत हा नमुना आहे ती ओळ’ असा अर्थ होतो. आणि चौथा मार्ग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही ओळीवर इंग्रजी वर्णमालेतल्या एका छोट्या अक्षराची खूण करून ठेवता येते. पुढे वर कितीही ओळी घातल्या, काढल्या, तरी ती खूण त्याच ओळीला चिकटून राहते. म्हणजे क्रमांक ही जागा आणि खूण हे नाव, हा भेद टॉम्पसन यांच्या संपादकाने मुळातच मानला होता.

एडची ‘सर्वत्र’ ही आज्ञाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. ‘ज्या ज्या ओळीत अमुक शब्द आहे तिच्यानंतर हा मजकूर घाल’ असे सांगितले तर एड लगेच घालायला लागत नाही. पहिल्या फेरीत तो जुळणाऱ्या सर्व ओळींवर खुणा करतो आणि दुसऱ्या फेरीत एकेका खुणेपाशी जाऊन मजकूर घालतो. घातलेल्या मजकुरातच तो शब्द पुन्हा आला तरी घोटाळा होत नाही. आधी मोजमाप, मग कापाकापी, ही शिंप्याची रीत इथे पाळली गेली आहे.

एडवर टीका होते ती त्याच्या बोलण्यावरून. काहीही चुकले की तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकले ते सांगत नाही. नवशिक्याला हे तुसडेपणाचे वाटते आणि ते खरेही आहे. पण आमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर एड उत्तम उतरतो. सहा ओळींच्या फाईलमध्ये सतरावी ओळ मागितली तर तो प्रश्नचिन्ह दाखवतो आणि काही करत नाही. आज्ञा स्क्रिप्टमधून आल्या असतील तर तो तिथेच थांबतो आणि ‘काम फसले’ असा निरोप चालवणाऱ्या प्रणालीला देतो. फाईल जतन करण्याची आज्ञा शेवटी असते, ती गाठलीच जात नाही आणि मूळ फाईल शाबूत राहते. कमी बोलणे आणि खोटे बोलणे यांत फरक आहे. एड कमी बोलतो.

सेड: कसबी, पण गप्प

एड आधी सगळी फाईल स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात उतरवून घेतो आणि मग कामाला लागतो. फार मोठ्या फायलींसाठी हे गैरसोयीचे होते. म्हणून १९७३–७४ च्या सुमारास बेल लॅब्जमध्येच ली मॅकमेहन यांनी ‘सेड’ लिहिला. हा प्रवाही संपादक आहे. तो एक ओळ वाचतो, तिच्यावर आज्ञा चालवतो, ती बाहेर सोडतो आणि पुढची ओळ घेतो. फाईल कितीही लांब असली तरी त्याला फरक पडत नाही. ज्या यंत्रांवर एका आज्ञावलीला ६४ किलोबाइटच्या आसपास स्मृती मिळे, त्या यंत्रांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती.

सेडचा एक गुण पुस्तकांत क्वचितच सांगितला जातो. नदीत वाहत येणारी लाकडे काठावर बसून मोजणाऱ्या माणसासारखे त्याचे काम असते. वरून आलेले लाकूड तो मोजतो. त्याने स्वतः मध्येच सोडलेले लाकूड खाली वाहून जाते, ते त्याच्या मोजणीत येत नाही. म्हणजेच सेडच्या लेखी सतरावी ओळ ही मूळ फाईलमधली सतरावी ओळ असते. आपल्या ग्रहांच्या दोन्ही आज्ञा सेडला एकाच वेळी, एकाच फेरीत दिल्या तर उत्तर बरोबर येते. वरून खाली की खालून वर, हा विचारही करावा लागत नाही.

मग अडते कुठे? अडते ते सेड पुन्हा पुन्हा चालवल्यावर. समजा २०० विद्यार्थ्यांची यादी आहे आणि दर ४० नावांच्या गटाआधी एक शीर्षक घालायचे आहे. म्हणजे १, ४१, ८१, १२१ आणि १६१ या ओळींच्या आधी. विद्यार्थी स्क्रिप्टमध्ये एक फेरा लिहितो आणि प्रत्येक क्रमांकासाठी सेडला एकदा बोलावून फाईल तिथल्या तिथे बदलतो. पहिले शीर्षक बरोबर बसते. त्यामुळे सगळी नावे एकाने खाली सरकतात आणि दुसरे शीर्षक मूळ चाळिसाव्या नावाआधी पडते. तिसरे मूळ ७९ व्या, चौथे ११८ व्या आणि पाचवे १५७ व्या नावाआधी. गट ४०-४० चे न होता ३९, ३९, ३९, ३९ आणि ४४ चे होतात. पाचही शीर्षके छापलेली दिसतात. पान पाहून कोणालाही शंका येणार नाही. तुकडी कोणाची बदलली ते त्या मुलांनाच पुढे कळेल.

इथे दोष सेडचा की विद्यार्थ्याचा? आम्ही म्हणू, दोष शिकवण्याचा. एक फेरी आणि पाच फेऱ्या यांत क्रमांकाचा अर्थ बदलतो, हे सांगितल्याशिवाय ती एका ओळीची कृती देणे म्हणजे औषध देऊन ते जेवणाआधी की नंतर हे न सांगण्यासारखे आहे.

पण काही दोष सेडच्या घडणीतलेही आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे त्याचे गप्प बसणे. सहा ओळींच्या फाईलमध्ये ‘सतराव्या ओळीआधी घाल’ असे सांगा. सेड सहा ओळी जशाच्या तशा बाहेर सोडतो, काहीही घालत नाही आणि ‘काम यशस्वी’ असा निरोप देतो. त्याच्या बाजूने तर्क असा, की सतरावी ओळ आलीच नाही, म्हणून आज्ञा लागू झाली नाही. तर्क शुद्ध आहे, पण सांगणाऱ्याचा हेतू फसला आणि त्याला ते कळले नाही. रिकाम्या फाईलमध्ये ‘पहिल्या ओळीआधी घाल’ असे सांगितले तरी हेच होते. पहिली ओळ नाही, म्हणून मजकूरही नाही. जिथे एडने प्रश्नचिन्ह दाखवले असते तिथे सेड मान डोलावतो.

दुसरा दोष असा, की एडच्या खुणा सेडमध्ये आल्या नाहीत. ओळ एकदा वाहून गेली की तिला नाव देऊन उपयोग नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे क्रमांक, शेवटच्या ओळीचे डॉलरचिन्ह आणि नमुना एवढेच मार्ग उरले. त्यांतला क्रमांक लिहायला सोपा, म्हणून लोक तोच लिहितात.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. सेडचे उत्तर त्याच फाईलच्या नावाने बाहेर वळवले तर फाईल रिकामी होते, कारण सेड वाचायला लागण्याआधीच प्रणाली ती फाईल लिहिण्यासाठी कोरी करून ठेवते. हे टाळण्यासाठी ‘जागच्या जागी बदल’ असा एक पर्याय नंतर आला. ग्नू प्रकल्पाचा सेड त्यासाठी एक तात्पुरती फाईल तयार करून ती शेवटी मूळ नावावर बसवतो. मात्र मॅक संगणकावरच्या सेडला याच पर्यायापुढे राखीव प्रतीचे शेपूट काय असावे तेही सांगावे लागते. त्यामुळे एका संगणकावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडखळते. दोन्हीकडे चालावी असे वाटत असेल, तर नव्या नावाच्या फाईलमध्ये उत्तर घ्यावे, तपासावे आणि मगच जुनीच्या जागी ठेवावे.

सेडच्या मौनावर उपाय १९७७ पासून उपलब्ध आहे. आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी लिहिलेली ‘ऑक’ ही छोटी भाषाही ओळीमागून ओळ वाचते आणि मूळ ओळींचीच मोजणी ठेवते. पण तिच्यात बेरीज करता येते. किती ठिकाणी मजकूर घातला ते मोजावे, आणि फाईल संपल्यावर तो आकडा अपेक्षेइतका नसेल तर चुकीचा निरोप देऊन थांबावे. दोन-तीन ओळींची ही भर विद्यार्थ्याला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली सवय संगणकातही लावते. मोजमाप घेतले की त्याची उलटतपासणी करायची.

क्रमांक हेच नाव झाले तर?

क्रमांक सरकतात म्हणून अडचण येते. मग न सरकणारे क्रमांक का देऊ नयेत? हा प्रयोग झालेला आहे. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ ही भाषा विद्यार्थ्यांसाठी तयार केली. तिच्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्रमांक लिहिलेला असे. लोक १०, २०, ३० असे दहा-दहाच्या अंतराने क्रमांक देत. मध्ये ओळ घालायची झाली तर १५ क्रमांक देऊन ती कुठेही टंकित करावी, संगणक ती बरोबर १० आणि २० च्या मध्ये नेऊन ठेवी. २० ची ओळ २० च राहत असे.

१९८४ साली भारतात शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक शाळांत आले आणि आपल्याकडच्या पुष्कळ शिक्षकांची संगणकाशी ओळख बेसिकच्या या क्रमांकांतूनच झाली. त्यांना या पद्धतीची मर्यादाही आठवत असेल. १० आणि २० च्या मध्ये नऊच ओळी मावतात. दहावी आली की सगळे क्रमांक नव्याने द्यावे लागतात. मग ‘अमुक ओळीवर जा’ असे जिथे जिथे लिहिले असेल तिथलेही क्रमांक बदलावे लागतात. बीबीसी बेसिकमध्ये त्यासाठी एक वेगळी आज्ञाच होती आणि ती दोन्ही बदल एकत्र करी.

गणिताच्या शिक्षकांना इथे एक सुंदर उदाहरण मिळते. पूर्णांकांमध्ये मोकळी जागा संपते, परिमेय संख्यांमध्ये कधीच संपत नाही. १० आणि ११ च्या मध्ये १०.५, १० आणि १०.५ च्या मध्ये १०.२५, असे कितीही वेळा करता येते. आपल्याकडे जमिनीच्या नोंदीत हेच वेगळ्या रीतीने साधले आहे. सर्व्हे नंबर ४५ ची वाटणी झाली की ४५/१, ४५/२ असे हिस्से पडतात. शेजारचे शेत मात्र ४६ च राहते. तिथे नंबर हे खरोखरच नाव आहे, म्हणून ते हलू दिले जात नाही.

शेजाऱ्यांवरून ओळख

फाईलमधल्या साध्या ओळींना असे कायमचे नंबर नसतात. त्यांच्यासाठी तिसरा मार्ग निघाला, तो म्हणजे शेजाऱ्यांवरून ओळख. ‘मारुतीच्या देवळासमोरचे, दोन कडुनिंबांमधले घर’ असा पत्ता आपण देतो, तसा.

याची सुरुवात ‘डिफ’ या साधनापासून होते. डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला बेल लॅब्जमध्ये ते तयार केले. दोन फायलींत फरक कुठे आहे ते डिफ सांगतो. हा फरक एडच्या आज्ञांच्या रूपातही मिळतो, म्हणजे त्या आज्ञा एडला दिल्या की जुन्या फाईलची नवी होते. या रूपात डिफ सर्वांत खालचा बदल आधी छापतो आणि सर्वांत वरचा शेवटी. आपला ग्रहांचा प्रयोग आठवला की याचे कारण लगेच कळेल.

पण ही युक्ती समोरची फाईल तंतोतंत तीच असेल तेव्हाच चालते. दुसऱ्या कोणी दरम्यान वर दोन ओळी घातल्या असतील तर सगळे क्रमांक फसतात. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली आणि ही अडचण पुष्कळशी सोडवली. पॅचला बदलाबरोबर आजूबाजूच्या काही ओळीही दिलेल्या असतात, साधारणपणे वरच्या तीन आणि खालच्या तीन. पॅच सांगितलेल्या क्रमांकापाशी जातो, पण क्रमांकावर विश्वास टाकत नाही. शेजारच्या ओळी जुळतात का ते पाहतो. जुळल्या नाहीत तर पुढे-मागे शोधतो. तरीही नाही जमले तर कडेच्या एक-दोन ओळींकडे दुर्लक्ष करून पुन्हा पाहतो. जागा सरकलेली सापडली तर किती ओळींनी सरकली ते सांगतो. सापडलीच नाही तर तो तुकडा वेगळ्या फाईलमध्ये बाजूला काढून ठेवतो आणि तसे कळवतो.

या सर्व साधनांत पॅचची वृत्ती आम्हाला सर्वांत शास्त्रीय वाटते. क्रमांक हा त्याच्या लेखी अंदाज आहे आणि शेजार हा पुरावा. मात्र त्यालाही फसवता येते. एकाच फाईलमध्ये सारख्याच ओळींचे गट अनेकदा येत असतील तर तो भलत्या गटाला खरा समजू शकतो. पुरावा जितका सामान्य तितका तो कच्चा, हे इथेही लागू आहे.

निसर्गातली घुसडलेली ओळ

हा सगळा खटाटोप संगणकापुरता आहे असे कोणाला वाटेल. पण जीवशास्त्रातल्या एका मोठ्या शोधाचा आधार नेमका हाच सरकण्याचा दोष होता. १९६१ साली फ्रान्सिस क्रिक, लेस्ली बार्नेट, सिडनी ब्रेनर आणि रिचर्ड वॉट्स-टोबिन यांनी टी-४ या विषाणूच्या एका जनुकात एक जादा अक्षर घुसले तर काय होते ते तपासले. एक घुसले की जनुक निकामी, दोन घुसली तरी निकामी, पण जवळजवळ तीन घुसली की ते पुन्हा बऱ्यापैकी चालू लागे. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, याचा तो भक्कम पुरावा ठरला. एका अक्षराने पुढचे सगळे गट सरकतात, तिनांनी ते पुन्हा रांगेत येतात.

मानवी जनुकसंचाचा जो संदर्भ-मजकूर संशोधक वापरतात, त्याच्या २००९ आणि २०१३ च्या आवृत्त्यांत हाच प्रश्न पुन्हा भेटतो. सुधारणा करताना मध्ये मजकूर घातला गेला, काही काढला गेला, आणि त्यापुढच्या जागांचे क्रमांक बदलले. म्हणून ‘सातव्या गुणसूत्रावर अमुक क्रमांकाची जागा’ एवढे सांगून भागत नाही, आवृत्ती कोणती तेही सांगावे लागते. एका आवृत्तीतले क्रमांक दुसरीत नेण्यासाठी वेगळ्या आज्ञावल्या आहेत. आवृत्तीचा उल्लेख सुटला तर रुग्णाच्या अहवालात भलत्याच जागेची नोंद होऊ शकते. सतरावी ओळ कोणती, हा प्रश्न इथे जिवाशी येऊन ठेपतो.

मराठी मजकुरापुरते थोडे

क्रमांकापेक्षा नमुना बरा, असे आम्ही म्हणतो आहोत. मराठीत त्याला एक पुरवणी जोडली पाहिजे. देवनागरी मजकूर आता यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. ही पद्धत १९९२ साली केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखली. हे टॉम्पसन म्हणजे एडचे कर्तेच. तिच्यात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, पण ओळ संपल्याची जी खूण आहे ती या बाइटांत कधीच येत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची ओळीओळीने चालणारी साधने मराठी फाईलवरही ओळी बिनधोक घालू शकतात.

नमुना जुळवताना मात्र जपावे लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातले अर्धे ‘ऱ’ दोन प्रकारे टंकित करता येते. एकात नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा वापर होतो, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागते. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, सेडला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. मग ‘दुसऱ्या सत्राच्या शीर्षकानंतर घाल’ ही आज्ञा लागू होत नाही आणि सेड आपल्या स्वभावाप्रमाणे गप्प राहतो. म्हणून मराठी मजकुरात खुणेचा शब्द असा निवडावा की तो एकाच रीतीने लिहिता येतो.

वर्गात काय करावे?

संगणक नसला तरी हा धडा घेता येतो. वीस चिठ्ठ्यांवर वीस वाक्ये लिहून फळ्याखाली रांगेत लावा. एका मुलाला पाच आज्ञांचा कागद द्या, सर्व क्रमांक मूळ रांगेचे. त्याने प्रत्येक आज्ञेनंतर रांग नव्याने मोजावी. दुसऱ्या मुलीने त्याच आज्ञा खालून वर पाळाव्यात. तिसऱ्याने क्रमांक न पाहता ‘या वाक्यानंतर’ असे सांगितलेल्या आज्ञा पाळाव्यात. तिघांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग एक आज्ञा मुद्दाम पंचविसाव्या चिठ्ठीची द्या आणि कोण विचारते, कोण गप्प बसते ते पाहा. विचारणारा मूल मंद नाही, तो एड आहे, हे वर्गाला सांगायला विसरू नका.

संगणक असेल तर चार सवयी लावाव्यात. शक्य तिथे ओळ तिच्या मजकुरावरून ओळखावी, क्रमांकावरून नव्हे. क्रमांक वापरायचेच असतील तर सर्व बदल एका फेरीत करावेत, नाहीतर खालून वर जावे. किती ठिकाणी बदल व्हायला हवा होता आणि किती ठिकाणी झाला ते मोजून ताडून पाहावे. आणि मूळ फाईल हातची न सोडता नव्या फाईलमध्ये उत्तर घेऊन डिफने दोन्हींची तुलना करावी.

सेड हे साधन टाकाऊ आहे असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. इतकी वर्षे टिकलेले, इतके लहान आणि इतके वेगवान साधन विरळाच. पण ते देताना पुस्तकांनी निदान तीन वाक्ये अधिक छापावीत: क्रमांक मूळ फाईलचे असतात, दुसऱ्या फेरीत ते बदललेले असतात, आणि ओळ सापडली नाही तर सेड तुम्हाला सांगणार नाही. ती छापून येईपर्यंत शिक्षकांनी ती तोंडी सांगावीत, एवढीच आमची विनंती आहे.